खर्जाची तार

मुनीरभाईंनी हेडफोन माझ्या कानांवर बसवला आणि माझी सगळ्यात जाड तार नाहीशी झाली. बोट तारेवर पडताना दिसत होतं, तार थरथरताना दिसत होती, पण कानात येत होता तो नखाचा टक् एवढाच आवाज. बाकीच्या तीन तारा गोड वाजत होत्या, जरा जास्तच गोड. मी पुन्हा जाड तार छेडली. पुन्हा टक्. हैदराबादच्या कोठी भागातल्या गुजराती गल्लीत, रेडिओ-टेपरेकॉर्डर दुरुस्तीच्या त्या चिंचोळ्या दुकानात, लोखंडी स्टुलावर बसून, मांडीवर बेस गिटारचं धूड घेऊन मी ती एकच तार वाजवत राहिले. समोर मुनीरभाईंचे ओठ हलत होते. हेडफोन कान पुरते झाकणारा होता, त्यामुळे ते काय सांगताहेत ते मला ऐकू येत नव्हतं. हलणारे ओठ, आणि आवाज नाही. मी हेडफोन ओरबाडून काढला तसा गल्लीतला सगळा कालवा एकदम अंगावर आला.

“क्या हुआ मैडम, शॉक मारा क्या?”

“नहीं. मोटी तार सुनाई नहीं देती.”

“आती ना! आप हल्लू मार रहे.” त्यांनी स्वतः हेडफोन घातला, माझ्या गिटारवर एक सणसणीत फटका मारला आणि डोळे मिटून मान डोलावली. मग डोळे उघडले. दोष आधी हेडफोनचा निघाला, मग सेलचा, मग माझ्या गिटारचा, आणि शेवटी सिंगापूरचा. सिंगापूरचा म्हणजे मी बरोबर नेलेल्या त्या पट्ट्याला अडकवायच्या छोट्या यंत्राचा. गिटारची वायर त्यात खुपसायची, दुसऱ्या बाजूला हेडफोन लावायचा, की वाजवणाऱ्यालाच ऐकू येतं, खोलीत चिटपाखरालाही नाही. ऑफिसात माझ्या शेजारी बसणाऱ्या वंदनाच्या दिराने ते आणलं होतं, त्याची हौस फिटली होती, म्हणून वंदनाने मला वापरून बघायला दिलं. “ये बारीक गिटार का डब्बा है मैडम,” मुनीरभाईंनी निकाल दिला. “इसमें भारी आवाज कहाँ से आती? मैं बनाके देतूँ आपको.”

मला मात्र वेगळंच काहीतरी विचारायचं होतं. “मैंने हेडफोन लगाया था, तब आप क्या बोल रहे थे?”

“मैं? कब?” त्यांनी आठवून पाहिलं. “कुछ नहीं. चाय पीते क्या, पूछा.”

एवढंच. मला इतकं हलकं वाटलं की एरवी बाहेरचा चहा न पिणारी मी, तिथेच बसून उस्मानिया बिस्किटं बुडवून चहा प्यायले. पण बसमध्ये, गिटारची पिशवी गुडघ्यांमध्ये उभी धरून हिमायतनगरला परतताना ते ओठ पुन्हा समोर आले. ते मुनीरभाईंचे नव्हतेच. ते नानांचे होते, माझ्या वडिलांचे. गेल्या माघात नाना दवाखान्यात काचेपलीकडे होते. आई काकांबरोबर औषध आणायला खाली गेली होती, मी काचेला नाक लावून उभी होते. नानांनी तोंडावरचं ऑक्सिजनचं प्लास्टिक हाताने बाजूला केलं, माझ्याकडे पाहिलं, आणि काहीतरी म्हणाले. दोन-तीन शब्दच असतील. मला काहीच ऐकू आलं नाही. आत जायला बंदी होती, नर्स पाठमोरी होती. आणि मी काय केलं, तर मान हलवली. हो, हो. आजारी माणसाला आपण म्हणतो तसं. त्यांना ते पुरलं असावं, त्यांनी डोळे मिटले. पुन्हा माझ्या देखत उघडले नाहीत. मी कशाला हो म्हटलं ते मला आजपर्यंत माहीत नाही.

माहीत नसलेल्या गोष्टीची माणूस किती रूपं करतो. कधी वाटायचं, आईला सांभाळ म्हणाले असतील, ते सोपं होतं. कधी वाटायचं, आता लग्न कर म्हणाले असतील. पण बेस गिटारला हात लावायची वेळ आली की एकच वाक्य ऐकू यायचं, त्यांच्या त्या कोरड्या, सरकारी आवाजात: आता ते वाजवणं सोड. आणि मी मान हलवलेली होती.

तसं त्यांनी जिवंतपणी मला कधी सोड म्हटलं नव्हतं. आमच्या घरात कुणी कुणाला काही म्हणतच नाही. नाना हिशेब खात्यात नोकरी करून निवृत्त झालेले. निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकलेले, त्यामुळे घरात मराठी, बाहेर तेलुगू आणि वाचायला उर्दू पेपर अशी त्यांची वाटणी होती. आमटीत मीठ कमी असलं तर ते मिठाची वाटी नुसती आईच्या दिशेने दोन बोटं सरकवायचे. आई ती परत सरकवायची, म्हणजे घालून घ्या. झालं भांडण. अशा घरात मी सिकंदराबादच्या लेस्ली सरांकडे गिटार शिकायला जाऊ लागले, त्यांच्या बँडमधला बेसवाला दुबईला निघून गेला तेव्हा त्यांनी माझी लांब बोटं पाहून त्याचं वाद्य माझ्या गळ्यात घातलं, आणि मी ते स्पीकरच्या खोक्यासकट ऑटोत घालून घरी आणलं, तेव्हाही कुणी काही म्हटलं नाही. आई म्हणाली, “हे कुठं ठेवायचं?” एवढंच.

पण मी वाजवायला लागले की व्हायचं असं. आमच्या बैठकीत, माझ्या खोलीच्या दाराला लागून, सरकत्या काचांचं एक कपाट आहे. जुनं घर बिल्डरला दिलं आणि त्याच जागी उठलेल्या इमारतीत दोन भावांना वरखाली फ्लॅट मिळाले, तेव्हा जुन्या घरातून आलेली ही एकच मोठी वस्तू. मी जाड तार छेडली, विशेषतः एका ठरावीक जागी बोट ठेवून छेडली, की त्या काचा थर्र्र वाजायच्या. बेसचा आवाज असाच आहे, तो कानात कमी आणि भिंतीत जास्त जातो. काचा वाजल्या की बाहेर नानांची खुर्ची सरकायची. मग त्यांची पावलं यायची, जड, सपातांची, माझ्या दारापर्यंत. तिथे थांबायची. माझा हात आपोआप आवाजाच्या बटनाकडे जायचा आणि मी आवाज निम्म्यावर आणायचे. मग पावलं परत जायची. रोज. इतकी वर्षं. आता दार वाजवतील, आता म्हणतील पुरे, असं वाटून मी तार धरून बसायचे, आणि ते काही न म्हणता परत जायचे. एखाद्याने रागावून बोललेलं परवडतं. रोज दारापर्यंत येऊन गिळलेला राग फार जड असतो. मी तो राग धरून चालले होते.

नाना गेले, आणि चौदाव्या दिवशी, गोडजेवण झाल्यावर, खालच्या मजल्यावरचे नरहरकाका बैठकीत सगळ्यांसमोर म्हणाले, “वर्ष होईपर्यंत या घरात गाणं-वाजवणं नक्को. लोक काय म्हणतात त्याची मला फिकर नाही. रीत आहे.” काकांनी जन्मभर वकिली केली, त्यामुळे ते जे म्हणतात त्याच्याखाली सही केल्यासारखं वाटतं. मी आईकडे पाहिलं. ती पाहुण्यांना द्यायच्या विड्यांची पानं पुसत होती, एक पान पुसून झालं, दुसरं घेतलं. म्हणजे तिलाही तेच हवं होतं. मी उठले आणि गिटार पलंगाखाली सारलं. तेव्हा मला, खरं सांगायचं तर, बरंच वाटलं. काचेपलीकडून घेतलेल्या वचनाला आता घरच्या रीतीचं कुलूप लागलं होतं. मला काही ठरवायला नको होतं.

पण बोटांना हे कसं सांगणार. माझं काम पेजर कंपनीत. दिवसभर कानाला हेडफोन लावून बसायचं, लोक फोन करून निरोप सांगतात तो टाइप करायचा, की तो शहरात कुणाच्या तरी कमरेला थरथरतो. ‘घरी लवकर ये.’ ‘रागावू नकोस.’ ‘बाबांना दवाखान्यात नेलंय.’ ‘तुझ्याशी बोलायचं नाही.’ तेलुगूत, हिंदीत, मोडक्या इंग्रजीत, माणसं मला, एका परक्या बाईला, इतकं उघड सांगायची की पहिल्या पहिल्यांदा मला लाज वाटायची. मग हेवा वाटू लागला. चार शब्दांत मामला खलास. निरोप घेता घेता माझा डावा हात टेबलाच्या कडेवर तारा दाबत असायचा, आणि वंदना म्हणायची, “योगिनी, तू कुठं आहेस?” रविवारी सिकंदराबादला जात होते, लेस्ली सरांच्या गॅरेजमध्ये, पण आठवड्यातून एकदा वाजवून बेस राहत नाही. बोटांवरचे घट्टे मऊ पडले. मी ठेक्याच्या मागे पडू लागले, आणि बेसवाला मागे पडला की बँड लंगडतो, भले ऐकणाऱ्याला कारण कळत नसेल. लेस्ली सर पाइप विझवून म्हणाले, “योगी, नवीन हॉटेलमध्ये डिसेंबरपासून रोज शाम का काम मिलता. मैं दिवालीपर्यंत रुकतो. उसके बाद वो चेन्नईवाला लडका बुलाएगा.” त्यांची मराठी आणि हिंदी अशी एकाच ताटात असायची. रागावले नाहीत. तेही आमच्यातलेच, मला वाटलं. मीठ सरकवणारे.

तेव्हापासून मला एकच प्रश्न छळू लागला: कुणालाच ऐकू न येणारं वाजवणं, हे वाजवणं आहे का? काकांना विचारलं असतं तर त्यांनी चष्मा काढून पुसला असता. रीत आवाजाची आहे की हाताची? शेजारच्या गल्लीत बतुकम्माची गाणी चाललेली, बायका टाळ्या वाजवत गोल फिरतात ते आमच्या गॅलरीतून ऐकू येतं, म्हणजे दुखवट्याच्या घरात गाणं शिरतंच आहे, पण ते आपण केलेलं नाही. मग घरातून काही बाहेर पडलंच नाही तर? मी वकिलाची पुतणी आहे, मला पळवाट सापडली. आधी नानांच्या जुन्या टेपरेकॉर्डरवर प्रयोग केला. गिटारची वायर माइकच्या भोकात घालून रेकॉर्डची आणि पॉजची अशी दोन्ही बटनं दाबून ठेवली, की एका कानात खुपसायच्या बारक्या बोंडातून आवाज येतो. आला, पण चिरका, डबक्यातल्या बेडकाचा. मग वंदनाचं सिंगापूरचं यंत्र. त्यात वरच्या तारा इतक्या नटूनथटून येत की मी कुणी दुसरीच वाजवतेय असं वाटे, आणि खर्ज गायब. खर्जाशिवाय बेस म्हणजे नुसती बोटांची हालचाल. मुनीरभाईंच्या दुकानात तेच पुन्हा सिद्ध झालं होतं.

दसरा झाल्यावर मी त्यांचा डबा आणायला गेले. त्यांनी तो साबणाच्या डबीत बसवला होता, हिरव्या, वर झाकणाला भोक पाडून एक लाल दिवा. “इंपोर्टेड से अच्छा,” ते म्हणाले, आणि लावला तर तो मधमाश्यांसारखा घुं घुं करत होता. पण त्या घुंघुंच्या तळाशी, खाली, माझी जाड तार होती. मी ती छेडली आणि ती दाढेतून मानेत, मानेतून पाठीत उतरली. कित्येक महिन्यांनी माझ्या अंगात कुणीतरी बोललं. मुनीरभाई विजयी मुद्रेने घुंघुं घालवायला बसले, ती थोडी गेली, थोडी राहिली. राहू दे म्हटलं.

आता प्रश्न कानांचा. मुनीरभाईंनी दोन हेडफोन पुढे ठेवले आणि घरी नेऊन बघा म्हणाले. एक हलका, वॉकमनबरोबर येतो तसा, कानावर नुसता टेकणारा, पिवळ्या स्पंजचा. दुसरा तो कान पुरते झाकणारा, काळा, जड. मी दोन संध्याकाळी पलंगावर बसून ते आलटून पालटून घातले. स्पंजच्या हेडफोनमध्ये मला सगळं घर ऐकू यायचं. कुकरची शिट्टी, आईचं पुटपुटणं, नळ. आईचं ब्लडप्रेशर वाढलेलं, घरात आम्ही दोघीच, तिने हाक मारली तर कळायला हवी. पण त्यात खर्ज पातळ व्हायचा, आणि शिवाय आवाज बाहेर सांडायचा, पलंगाशेजारी उभं राहिलं तर चिवचिव ऐकू येते एवढा. काळ्यात खर्ज भरून यायचा, बाहेर टाचणीएवढंही जायचं नाही, आणि बाहेरचंही आत यायचं नाही. म्हणजे निवड गिटारची नव्हतीच. आईची हाक ऐकू यायला हवी, की खर्जाची तार? असा प्रश्न कुठल्या दुकानात कुणी विचारत नाही. मी काळा ठेवून घेतला. मला स्वतःचा राग आला, पण ठेवून घेतला. दाराकडे तोंड करून बसायचं, म्हणजे आई आली तर दिसेल, अशी मनाची समजूत घातली.

मग रोज सकाळची पाळी संपवून चारला घरी यायचं, चहा घ्यायचा, पलंगाखालून गिटार काढायचं. आई पहिल्या दिवशी दारात आली, हिरव्या डबीकडे, काळ्या हेडफोनकडे, माझ्या बोटांकडे पाहून गेली. मी म्हटलं, “आवाज नाही होत ग बाहेर.” ती म्हणाली, “हो, दिसतंय.” तिच्या त्या ‘दिसतंय’मध्ये काय होतं ते मला कळलं नाही. मी वाजवत राहिले. बोटं फुटली, मग पुन्हा घट्टे पडले. लेस्ली सरांनी दिलेली एक चाल होती, खर्जातून निघून पायऱ्या चढल्यासारखी वर जाते आणि शेवटी धप्पकन त्याच एका सुरावर येऊन बसते, ज्या सुरावर आमच्या काचा वाजायच्या. आता त्या वाजत नव्हत्या. मी त्या सुरावर यायचे आणि दर वेळी क्षणभर थांबायचे. सवय. खुर्ची सरकत नाही. पावलं येत नाहीत. आवाज कमी करायला नको. कितीही जोरात वाजवावं आणि कुणीच गिळून परत जाऊ नये. हे मला हवं होतं ना? मग हात का थांबतो? माझ्या डोक्यात मी एक बंद घर करून घेतलं होतं, त्यात खर्ज घुमत होता आणि कुणीही राहत नव्हतं.

दिवाळीच्या आधीचा आठवडा होता. बाहेर पोरांनी फटाक्यांना सुरुवात केली होती, ते मला हेडफोनमधून ऐकू येत नव्हतं, पण उजेड दिसायचा. आमच्याकडे या वर्षी फराळ नाही, आकाशकंदील नाही. मी ती चाल वाजवत होते, डोळे मिटून, कारण डोळे मिटले की ती जास्त नीट बसायची. सुरावर येऊन थांबले, डोळे उघडले. दारात आई उभी होती. पदराला हात पुसत होती. तिचे ओठ हलले. दोन-तीन शब्दच असतील.

आणि मी मान हलवली. हो.

ती वळली. तिची पाठ दिसली, पदर, करड्या केसांचा बारका अंबाडा. पाठमोरी माणसं किती लवकर दाराबाहेर जातात. मी हेडफोन खेचला, त्याची वायर डबीतून निघाली, डबी पलंगावरून खाली पडली.

“आई! काय म्हणालीस?”

“काही नाही.”

“नाही. काय म्हणालीस ते सांग.”

“अगं काही नाही बाई. तू चालू दे तुझं.”

“आई, मी हो म्हटलं! मी कशाला हो म्हटलं ते मला कळू दे!”

माझा आवाज फुटला होता. आमच्या घरात एवढ्या मोठ्यानं कुणी बोललेलं मला आठवत नाही. मी रडतेय हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. ती घाबरून दोन पावलं आत आली.

“अगं, काच वाजत नाही म्हटलं. किती दिवसांत काच वाजली नाही. तू हो म्हणालीस.” ती पलंगाच्या कडेवर टेकली. “एवढं काय झालं त्यात?”

मला आधी कळलंच नाही. कुठली काच?

“कपाटाची. तू वाजवायला बसलीस की ती वाजायची. मग ह्यांची खुर्ची सरकायची. मी तिकडं भाजी फोडणीला टाकत असायची, पण मला बरं वाटायचं. सगळी आपापल्या जागी आहेत. आता काय की, घर कसं...”

“चिडून उठायचे ना ते.”

“चिडायचे की. काचेवर. बढईला शिव्या घालायचे, काचांचा चर नीट केला नाही म्हणून. मग घडी लावायचे.”

“कसली घडी?”

ती उठून बाहेर गेली. मी मागे गेले. चवड्यांवर उभी राहून तिने कपाटाच्या माथ्यावर चाचपलं आणि माझ्या हातात एक पेपरची घडी दिली. उर्दू पेपरचा तुकडा, दुमडून दुमडून बोटाएवढा जाड केलेला, कडेला काळा आणि मऊ झालेला. “ही दोन काचांच्या मध्ये खुपसायची, म्हणजे वाजत नाहीत. तुझं झालं की काढून वर ठेवायची, नाहीतर काच सरकत नाही नि मला कप काढता येत नाहीत. रोजचंच होतं. तुला माहीत नाही?”

मला माहीत नव्हतं. पावलं माझ्या दारापर्यंत येत नव्हती. ती कपाटापर्यंत येत होती. ते तिथे उभे राहून, काचांमध्ये कागद दाबून, त्या गप्प करत होते, आणि दाराच्या आत मी स्वतःला गप्प करत होते. आवाज निम्म्यावर. इतकी वर्षं मी त्यांना निम्मंच ऐकवलं.

“त्यांना आवडायचं का, मी वाजवलेलं?”

आईने खरंच विचार केला. “ते मला काय माहीत? मला कधी बोलले नाहीत. उठून घडी लावायचे, एवढं माहीत आहे.”

मग मी तिला दवाखान्यातलं सांगितलं. काचेपलीकडचं. मान हलवली ते. कुणालाच सांगितलं नव्हतं. ती ऐकून घेत माझ्या घट्टे पडलेल्या बोटांकडे पाहत होती. “पाणी मागत असतील,” ती म्हणाली. “मला दिवसभर तेच मागत होते. डॉक्टरांनी देऊ नका म्हटलं होतं, मी नाही-नाही म्हणून थकले.” मग म्हणाली, “तू हो म्हणालीस. बरं केलंस.”

मी ती घडी हातात धरून उभी राहिले. ते पाणी होतं की दुसरं काही, हे आता कुणीच सांगू शकणार नव्हतं. पण आईने ते पाणी असं म्हटलं, आणि माझ्या छातीवरचं काहीतरी खाली उतरलं. “पण वर्ष पाळायचं तर तुलाच होतं ना?” मी विचारलं.

“मी कुठं म्हटलं? भावजी म्हणाले. तू उठून ते पलंगाखाली सारलंस, मला वाटलं तुलाच नको झालं असेल.” तिने माझ्या खोलीत येऊन खाली पडलेली हिरवी डबी उचलून उशीवर ठेवली, काळा हेडफोन गुंडाळून तिच्याशेजारी ठेवला. “काढ तो खोका. त्याला लाव.”

खोक्यावर धूळ होती. मी वायर खुपसली, बटन पूर्ण फिरवलं आणि दार उघडं ठेवून जाड तार छेडली, त्या जागी. काचा थर्र्र वाजल्या. आतले कप वाजले, नानांना निरोपसमारंभात मिळालेलं ते पितळी चारमिनार वाजलं. आई बैठकीत उभी होती. आम्ही दोघींनीही खुर्ची सरकण्याची वाट पाहिली. खुर्ची तिथेच होती, खिडकीशी, तिच्यावर उन्हातून काढलेले टॉवेल. सूर विरून जाईपर्यंत आम्ही वाट पाहिली. मग आईने डोळ्याला पदर लावला, आणि मी चाल पहिल्यापासून सुरू केली.

जिना चढत नरहरकाका आले ते मला त्यांच्या आवाजावरून कळलं. “वहिनी, हे काय? अजून वर्ष—”

“वर्ष माझं आहे, भावजी.” आई इतकी सरळ कधी बोलली नव्हती. “मी पाळतेय ना? बसा. चहा टाकते.”

शेवटी काकाही याच घरातले. टॉवेल बाजूला झाले, खुर्ची सरकली. मी पायऱ्या चढून पुन्हा त्या सुरावर आले, काचा कडाडून वाजल्या, आणि बाहेर खुर्ची पुन्हा सरकली. पावलं निघाली. जड, सपातांची. कपाटापर्यंत आली, थांबली. काकांना काचेचा आवाज सोसवत नसणार, भाऊच ते. माझा हात सवयीने आवाजाच्या बटनाकडे गेला.

“राहू द्या भावजी,” स्वयंपाकघरातून आई म्हणाली. “वाजू दे.”

उशीवर डबीचा लाल दिवा जळत होता, सेल उतरला असता. मी बटनावरचा हात काढला, पुन्हा त्याच जागी बोट ठेवलं आणि जाड तार छेडली.